गेम उघडत नाही, म्हणून कॉम्प्युटर बदलायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या ताई एका तालुक्याच्या गावी राहतात, पतसंस्थेत नोकरी करतात. मुलगा आठवीत. यजमान शिकवण्या घेतात. घरात २०१२ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे आणि यजमानांच्या प्रश्नपत्रिका श्री-लिपीत त्याच्यावरच टाइप होतात. मुलाच्या वाढदिवसाला मामाने त्याला माइनक्राफ्ट या गेमची जावा आवृत्ती ऑनलाइन विकत घेऊन दिली. डाउनलोड नीट झालं, पण ‘प्ले’ दाबलं की काहीतरी एरर येते आणि सगळं बंद होतं. दुरुस्तीवाल्याने कागदावर लिहून दिलं : आय३-२१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. वर म्हणाला, ‘यात आता राम नाही, ४५ हजारांत नवीन बसवून देतो.’ यजमान म्हणतात, गेमसाठी एक रुपया देणार नाही. मुलाचा मित्र म्हणतो, माझ्या पेनड्राइव्हमधला माइनक्राफ्ट याहून जुन्या मशीनवर चालतो, तो टाक. आणि परवा मुलाने विचारलं, ‘आई, आपण गरीब आहोत का?’ ताई विचारतात : हप्त्यावर नवीन घ्यावा का? की मुलाला नाही म्हणायला शिकवावं? ‘मला यातलं काही कळत नाही, म्हणून जास्तच अपराधी वाटतं.’

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. दुरुस्तीवाला, तुमचे यजमान आणि मुलगा या तिघांचं एकमेकांशी पटत नसलं, तरी कॉम्प्युटर जुना झाला म्हणून गेम चालत नाही, हे तिघांनीही धरूनच ठेवलं आहे. भांडण फक्त पुढे काय करायचं यावर आहे. पण गेम नेमका कशाने अडला, हे अजून कुणीच पाहिलेलं नाही. दुरुस्तीवाल्याने मशीनची यादी दिली, एरर काय होती ते लिहिलं नाही. ४५ हजारांचा निर्णय त्या एका ओळीवर अवलंबून आहे, म्हणून आधी ती ओळ वाचू.

रविवारी मुलाला शेजारी बसवा आणि त्यालाच गेम सुरू करायला सांगा. एरर आली की मोबाइलवर फोटो काढा. त्या इंग्रजी मजकुरात बहुधा ‘जीएलएफडब्ल्यू (GLFW) एरर’ असं लिहिलेलं असेल आणि पुढे पाच आकडी नंबर असेल. तो ६५५४२ आहे की ६५५४३, एवढंच बघायचं आहे. शेवटच्या एका आकड्याने दुखणं बदलतं.

६५५४२ असेल, तर बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हरच, म्हणजे विंडोजला ग्राफिक्सची चिप चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअरच, बसलेला नसतो. कुणीतरी कधीतरी विंडोज नव्याने टाकलं आणि ते काम राहून गेलं. खात्री करायला ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, त्यात ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ बघा. तिथे इंटेलचं नाव न दिसता ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर निदान पक्कं. विंडोज अपडेट चालवून आणि त्यातले ऐच्छिक अपडेट तपासून ड्रायव्हर बसवता येतो. तिथे मिळाला नाही तर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बघायचा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची जी सॉफ्टवेअरं जाहिरातींतून समोर येतात, त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. त्यांच्याबरोबर नको त्या गोष्टी मशीनमध्ये शिरतात.

पण तुमच्या कागदावरचं आय३-२१०० हे नाव वाचून मला ६५५४३ची शक्यता जास्त वाटते. हा प्रोसेसर २०११ सालचा, इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा. ग्राफिक्सचं काम त्याच्यातच असलेली ‘एचडी ग्राफिक्स २०००’ ही छोटी चिप करते. गेमला पडद्यावर काही रंगवायचं असतं, तेव्हा तो चिपला ठरलेल्या पद्धतीने सूचना देतो. त्या पद्धतीचं नाव ओपनजीएल, आणि तिच्या आवृत्त्या आहेत. विंडोजवर तुमच्या चिपचा ड्रायव्हर ओपनजीएल ३.१ पर्यंतच जातो. माइनक्राफ्टची १.१७ ही आवृत्ती जून २०२१ मध्ये आली, आणि तिच्यापासून पुढे गेमला किमान ३.२ लागतं. गेम ३.२ मागतो, चिपकडे ३.१ आहे, आणि तिथेच सगळं थांबतं.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण अशा वेळी लोकांचे पैसे इथेच वाया जातात. रॅम वाढवून ही एरर जाणार नाही. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क, टाकूनही जाणार नाही. कुणी म्हणालं की ‘आधी ८ जीबी करून बघू’, तर त्याला एररचा फोटो दाखवा आणि रॅमने हे कसं जाईल ते विचारा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. १.१७ पासून पुढचा गेम उघडणार नाही, पण त्याच्या आधीचा उघडू शकतो. माइनक्राफ्टच्या अधिकृत लाँचरमध्ये, म्हणजे ‘प्ले’चं बटण असलेल्या खिडकीत, जुन्या आवृत्त्या आजही मिळतात, आणि ज्याने गेम विकत घेतला आहे त्याला त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. लाँचरमध्ये ‘इन्स्टॉलेशन्स’ असा भाग आहे. तिथे ‘न्यू इन्स्टॉलेशन’ घ्यायचं, यादीतून १.१६.५ निवडायचं, जतन करायचं आणि प्ले दाबायचं. बस. मामाने भरलेले पैसे फुकट गेलेले नाहीत.

आता मित्राच्या पेनड्राइव्हचं बघा. त्याचा गेम जुन्या मशीनवर चालतो, हे खरं असणार. पण तो चालतो कशाने? फुकट मिळवलेला आहे म्हणून नव्हे. तो बहुधा कुणीतरी कधीतरी उतरवून ठेवलेली जुनी आवृत्ती आहे म्हणून. तीच जुनी आवृत्ती तुमच्या मुलाकडे रीतसर, स्वच्छ, मामाच्या पैशांनी आलेली आहे. हे त्याला असंच समजावून सांगा. ‘चोरीचं वापरू नये’ हे तर सांगाच, पण त्याला स्वतःला ताडून बघता येईल असं कारणही द्या. शिवाय ज्या मशीनमध्ये वडिलांच्या प्रश्नपत्रिका आहेत, तिथे कुठून कुठून फिरून आलेला पेनड्राइव्ह लावणं मला धोक्याचं वाटतं. क्रॅक केलेल्या गेमबरोबर व्हायरस येणं ही नेहमीचीच गोष्ट आहे.

१.१६.५ मध्ये काय नसेल, हेही त्याला आधीच सांगा, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. १.१८ मध्ये आलेले उंच डोंगर आणि खोल गुहा नसतील. १.१९ मधला वॉर्डन नावाचा राक्षस नसेल. बाकी खाणी, घरं बांधणं, रेडस्टोन, नेदर, एंडर ड्रॅगन हे सगळं आहे, आणि आठवीतल्या मुलाला ते महिनोन्‌महिने पुरेल. खरी अडचण मित्रांबरोबर खेळताना येईल. एका जगात एकत्र खेळायचं, तर सगळ्यांची आवृत्ती एकच हवी. मित्र नव्या आवृत्तीवर असतील तर त्यांना आपल्या लाँचरमध्ये १.१६.५ निवडावं लागेल. त्यांना ते सहज जमेल, फक्त सांगावं लागेल. नव्या आवृत्तीत बनवलेलं जग मात्र जुनीत उघडायला जाऊ नका, ते बिघडतं. आणि मित्र जर मोबाइलवर खेळत असतील, तर ती बेडरॉक नावाची निराळीच आवृत्ती आहे. जावा आणि बेडरॉक थेट एकत्र चालत नाहीत. मित्र नेमके कशावर खेळतात, हे त्याला आजच विचारा.

हे विचारायला मी आणखी एका कारणासाठी सांगते आहे. ‘आपण गरीब आहोत का’ या त्याच्या प्रश्नाने तुम्ही हलून गेलात, हे पत्रात दिसतं. कोणतीही आई हलेल. पण या वयाच्या मुलाला घरच्या उत्पन्नाचा हिशेब हवा असतो, असं मला वाटत नाही. चार जण शाळेत ज्या जगाबद्दल बोलतात, त्यात आपण नाही, हे त्याला टोचत असावं. ते ४५ हजारांच्या मशीनने दूर होईलच असं नाही. मित्र मोबाइलवर असतील, तर नवा कोरा कॉम्प्युटर आणूनही तो एकटाच खेळेल. आणि प्रश्नाचं उत्तर टाळू नका. ‘आपण गरीब नाही. पण घरात मोठा खर्च विचार करून होतो, आणि हप्ता लावला की तो दर महिन्याला कशातून तरी जातो,’ हे त्याला थेट सांगा. शक्य असेल तर कशातून जाईल तेही सांगा. तुम्ही पतसंस्थेत रोज लोकांना हेच समजावता, त्यालाही समजेल.

यजमानांशी माझं अर्धं पटतं. एक गेम उघडावा म्हणून ४५ हजार घालू नयेत, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ‘गेमसाठी रुपया नाही’ म्हटलं की विषय तिथेच मिटतो, आणि मुलगा मित्राच्या पेनड्राइव्हकडे वळतो. त्याऐवजी मशीन दोघांचं आहे, हे मान्य करून काही ठरवा. प्रश्नपत्रिकांच्या दिवशी वडिलांचा हक्क पहिला. खेळाची वेळ ठरलेली. आणि यातलं कशालाही हात लावण्याआधी श्री-लिपीतल्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायच्या. हे काम मुलालाच द्या. इतक्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका एका जुन्या हार्ड डिस्कवर असणं, हीच मला तुमच्या घरातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते.

आता समजा १.१६.५ उघडला, पण अडकत अडकत चालतो. हे दुखणं वेगळं, आणि त्यावर फुकटचे उपाय बरेच आहेत. सगळ्यात मोठा फरक ‘रेंडर डिस्टन्स’ने, म्हणजे किती लांबपर्यंतचं दाखवायचं या सेटिंगने, पडतो. माइनक्राफ्टचं जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत बनतं, त्यांना चंक म्हणतात. रेंडर डिस्टन्स १२ ठेवलं, तर खेळाडूच्या भोवती २५ बाय २५, म्हणजे ६२५ चंक सांभाळावे लागतात. तेच ६ केलं तर १३ बाय १३, म्हणजे फक्त १६९. दूरचं धुक्यात जातं, पण हात लगेच मोकळे होतात. ग्राफिक्स ‘फास्ट’वर, ढग बंद, ‘स्मूथ लायटिंग’ बंद, पार्टिकल्स कमीत कमी. तेवढ्याने भागलं नाही, तर ऑप्टिफाइन नावाची भर टाकता येते. ती तिच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायची, कारण तिच्या नावाने खोट्या साइट खूप आहेत.

खेळताना क्रोम बंद हवं. तुमच्या ४ जीबीतूनच विंडोज चालतं, त्यातूनच ती ग्राफिक्सची चिप आपला वाटा घेते, आणि उरलेल्यात गेम बसतो. गेमला २ जीबीपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर विंडोजच घुसमटेल. एकदा ‘टास्क मॅनेजर’ उघडून बघा. मेमरी सतत काठोकाठ भरलेली असेल, तर रॅम हा खर्च योग्य आहे. तुमच्या मशीनमध्ये डीडीआर३ रॅम लागते आणि ती सेकंडहँड मिळते. आता ४ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी लावा. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो, कारण तिला स्वतःची मेमरी नाही. जागा किती आहेत आणि किती भरल्या आहेत, ते टास्क मॅनेजरच सांगतो.

आणि धूळ. २०१२ पासून कॅबिनेट कधी उघडलंय का? प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो, आणि गेम पाच-दहा मिनिटं बरा चालून मग रखडायला लागतो. बटण बंद, वायर काढलेली, मग ब्लोअर. फुंकर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते सुसाट फिरू देऊ नका. पंख्याखालची थर्मल पेस्ट वाळली असेल तर दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

एसएसडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घ्या, पण गेमसाठी नको. गेमच्या फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, तिने वाढणार नाहीत. मशीन सुरू होणं, श्री-लिपी उघडणं, फाइल सापडणं यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडेल. म्हणून तो खर्च वडिलांच्या कामाचा धरा.

नवी आवृत्ती हवीच असेल, तर विंडोजवर ग्राफिक्स कार्डाला पर्याय नाही. या मशीनला जीटी १०३० सारखं छोटं कार्ड पुरेल. ते जेमतेम ३० वॅट घेतं, एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही. पण एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात, एक जीडीडीआर५ मेमरीचं आणि एक डीडीआर४चं. पहिल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ जीबीच्याही आत. खोक्यावर जीडीडीआर५ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅबिनेट बारीक असेल तर आखूड पट्टीचं कार्ड लागेल, आधी मोजून घ्या. सेकंडहँड घेत असाल, तर दुकानातच मशीनला लावून जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. जुन्या कार्डांत फेरफार करून ती १०५० टीआय या वरच्या कार्डाच्या नावाने विकण्याचे प्रकार होतात, आणि अशी बरीच खोटी कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखून दाखवतं.

मी तुमच्या जागी असते, तर हे कार्ड लगेच घेतलं नसतं. तो १.१६.५ काही महिने खेळू दे. त्यानंतरही नव्या डोंगर-गुहांची ओढ टिकली, तर विचार करा.

एक फुकटची वाट आणखी आहे. विंडोजऐवजी चालवता येणाऱ्या लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवरचे ड्रायव्हर याच चिपकडून ओपनजीएल ३.३ करून घेतात. म्हणजे विंडोजवर न उघडणारी आवृत्ती तिथे उघडू शकते. वेग मात्र बेताचाच राहील, कारण चिप तीच. लिनक्स मिंट हा त्याचा एक प्रकार पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला धक्का न लावता चालवून बघता येतं. मुलाला यात रस वाटला, तर त्याच्यासाठी हा उत्तम उद्योग आहे. पण ‘इन्स्टॉल’चं बटण त्याने एकट्याने दाबायचं नाही, हे बजावून ठेवा. श्री-लिपी विंडोजवरच आहे, आणि एका चुकीच्या होकाराने सगळी डिस्क पुसली जाऊ शकते.

ज्यांच्या घरी असाच पेच वेगळ्या गेमवरून आहे, त्यांच्यासाठीही थोडं. गेमच्या पानावर ‘मिनिमम’ म्हणून जे लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गेम उघडेल इतकाच घ्या. जीटीए ५ पीसीवर २०१५ साली आला. त्याला तेव्हाही ४ जीबी रॅम आणि १ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत होतं, त्यामुळे ताईंच्यासारख्या मशीनवर त्याचा नाद सोडा. शिवाय तो प्रौढांसाठीचा गेम आहे, आठवीतल्या मुलासाठी नाही. व्हॅलोरंट फुकट आहे आणि जुन्या मशीनला त्यातल्या त्यात झेपतो, पण त्याची किमान अट इंटेल एचडी ४००० आहे, म्हणजे तिसरी पिढी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतलात, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. म्हणून घेतल्या दिवशीच लावून बघा. मात्र विंडोज ७ आणि ८ वर स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून साथ सोडली आहे. माइनक्राफ्ट जावाचा डेमो फुकट मिळतो, तो आधी चालवा आणि मग पैसे भरा. स्टारड्यू व्हॅलीसारखा २०१६ चा गेम २ जीबी रॅमवरही खेळता येतो आणि लहान-मोठ्या सगळ्यांना रमवतो.

ताई, नवीन कॉम्प्युटर कधी ना कधी घ्यावा लागेलच, पण त्याचं कारण गेम नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणून या मशीनवर नेटबँकिंग आणि पतसंस्थेचं काही करू नका. प्रश्नपत्रिका आणि माइनक्राफ्ट यांना ते अजून पुरेल. खरेदी सावकाश, पैसे साठवून करा. तेव्हा दोन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, त्यात प्रोसेसरची पिढी, रॅमच्या पट्ट्या किती, एसएसडी किती आणि एसएमपीएस कोणत्या कंपनीचं हे लिहून मागा. ‘चांगल्यातलं टाकतो’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आणि जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये दिलंत, तर त्यातली हार्ड डिस्क आधी काढून घरी ठेवा.